बाराव्या खुर्चीतले पाय

चाळीस दिवसांत नम्र व्हायचं, असं मी बारावीची परीक्षा दिली त्या वर्षी ठरवलं होतं, आणि अडतिसाव्या दिवसाच्या संध्याकाळपर्यंत मला ते जमलंय असं वाटत होतं. हे लिहावं की नाही, असं मनात बरीच वर्षं चाललं होतं. लिहिलं तर त्यात मी चांगली दिसत नाही, आणि चांगलं दिसायची माझी खोड पन्नाशीला टेकले तरी गेलेली नाही. पण ज्यांच्यापुढे लाज वाटावी अशी वडीलधारी माणसं एकेक करून प्रभूकडे गेली. अण्णा तेवढे राहिलेत, आणि त्यांना तर सगळं माहीतच आहे.

आमचं घर जुन्नरमध्ये, बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत, देवळाच्या भिंतीला लागून. देऊळ म्हणजे चर्च. आमच्या जुन्या लोकांत देऊळच म्हणायचे, त्यामुळे कॉलेजात मी ‘देवळात चालले’ म्हटलं की मैत्रिणी वाटेत नारळ घेऊ का विचारायच्या. देवळाची घंटा म्हणजे आवारातल्या चिंचेला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. जुन्नरला रेल्वे कधी आलीच नाही, मग हा रूळ कुठून आला हे कुणाला सांगता यायचं नाही. त्यावर लोखंडी पहार मारली की आमच्या स्वयंपाकघरातली पितळेची परात थरथरायची आणि आई म्हणायची, “चला, बोलावणं आलं.” आम्ही ख्रिस्ती घरं मोजकीच. रविवारी सगळे मिळूनही देवळातले अर्धे बाक रिकामे राहायचे. पेटी वाजवायला याकोबमामा होते. तरुणपणी ते नारायणगावच्या एका तमाशाच्या फडात पेटीवर होते, पुढे प्रभूच्या कृपेनं तारण झालं आणि देवळातल्या गीतांवर आले, पण बोटांचं तारण पुरतं झालं नव्हतं. प्रार्थना लांबली आणि त्यांना डुलकी लागली की पेटीतून हळूच लावणीची चाल निघायची, आणि मग पाळकसाहेब ‘आमेन’ जरा घाईनं म्हणायचे.

अण्णा म्हणजे माझे वडील. ते गुरांच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसर होते. शिक्षण चौथी. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, डॉक्टरांनी हात घातला की शेपूट धरून उभं राहणं, आणि डॉक्टर नसले की स्वतःच हात घालणं, असं ते काम. त्या काळात त्यांची बदली आंबेगाव तालुक्यात अवसरी बुद्रुकला झाली होती. पहाटेची एसटी पकडून नारायणगाव, तिथून मंचर, तिथून मिळेल त्या टेम्पोनं अवसरी, आणि संध्याकाळी असंच उलटं. घरी आले की आधी फिनेलचा वास यायचा, मग शेणाचा, मग अण्णा. देवाविषयी ते फारसं बोलत नसत. जेवणाआधीची त्यांची प्रार्थना इतकी छोटी असायची की आई डोळे मिटेपर्यंत ती संपलेली असायची. आई म्हणायची, “अहो, देवाला ऐकू तरी जाऊ द्या.” अण्णा म्हणायचे, “त्याला सवय आहे.”

ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू झाला की घरात मटण आणि सुकट बंद. मग आई मासवडी करायची. बेसन घोटून कापडावर थापायचं, आत तीळ, खोबरं, लसूण आणि खसखशीचं सारण, गुंडाळी करून वड्या कापायच्या आणि वर असा तिखट रस्सा की डोळ्यांतून आपोआप पश्चात्ताप वाहायचा. दुःखसहनाच्या काळात आमच्या घरी सगळ्यात चांगलं जेवण मिळायचं, हे मी त्या वेळी पाळकसाहेबांपासून लपवून ठेवलं होतं.

तर नम्रतेचं कारण असं. मला पुण्याला जाऊन पदवी घ्यायची होती. आमच्या घरात तोवर कॉलेजचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं, मीच पहिली. पुण्यात राहायचं कुठे हा प्रश्न होता, आणि तिथं मिशनचं एक मुलींचं वसतिगृह होतं. त्यांचा नियम असा की प्रत्येक चर्चच्या मंडळीतून वर्षाला एकच मुलगी घेणार, आणि तिच्याबरोबर पाळकांचं पत्र हवं: मुलीचं आचरण ख्रिस्ती आहे, ती सेवाभावी आहे, नम्र आहे. पत्रावर मंडळीतल्या सगळ्यात वडील सभासदाचीही सही हवी. पाळकसाहेबांनी फेब्रुवारीतच सांगून टाकलं, “मी उपवासकाळभर पाहीन. ईस्टरला पत्र लिहीन.” पत्र नाही तर वसतिगृह नाही, वसतिगृह नाही तर पुणे नाही, आणि पुणे नाही तर पुढचा जून येईपर्यंत राजगुरुनगरच्या आत्यानं पाहून ठेवलेला मुलगा. मुलगा वाईट नव्हता. पण तो बोलताना सारखा स्वतःचं घड्याळ दाखवायचा.

अडचण एकच. एस्तेरलाही जायचं होतं. एस्तेर माझी बालवाडीपासूनची मैत्रीण, देवळाच्या पलीकडच्या अंगाला राहायची. आमच्या दोघींत तोवर कधी भांडण झालं नव्हतं, आणि त्या चाळीस दिवसांतही झालं नाही, कारण दोघीही नम्र होत होतो.

मी सगळ्यात मागच्या बाकावर बसायला सुरुवात केली. पुढच्या रविवारी पाहते तर तिथं एस्तेर. मग मी आणखी लवकर जाऊन मागचा बाक धरला, तर ती खाली सतरंजीवर बसली. आमचं पाहून इतरांनाही वाटलं की काहीतरी चाललंय, आपण मागे राहायला नको, आणि तेही मागे सरकले. तिसऱ्या रविवारी पाळकसाहेब पुढच्या सात रिकाम्या बाकांना प्रवचन देत होते आणि शेवटच्या दोन बाकांवर माणसं एकमेकांच्या मांडीवर बसली होती. शनिवारी मी देऊळ झाडायला जायची, तर ते झाडून झालेलं असायचं. मी तरी पुन्हा झाडायची. मागून एस्तेरची आई येऊन तिसऱ्यांदा झाडायची. प्रीतिभोजनाच्या, म्हणजे मंडळीच्या एकत्र जेवणाच्या, दिवशी पातेल्यासमोर उभ्या राहून ‘तू आधी’, ‘नाही गं, तू आधी’ असं आमचं इतका वेळ चाललं की रश्श्यावरचा तवंग गोठला. मी आवाजही खाली आणला होता. एसटीत मी इतक्या नम्रपणे तिकीट मागायची की कंडक्टर म्हणायचा, “ताई, बोला की राव, घसा बसलाय का?” आईला मात्र काळजी वाटली. तिनं दोन दिवस मला हळदीचं दूध पाजलं.

या सगळ्यावर ज्यांचं बारीक लक्ष होतं त्या सलोमीबाई. मंडळीतल्या सगळ्यात वडील सभासद त्याच. त्या जुन्या बायबलबाई, म्हणजे तरुणपणी गावोगाव पायी जाऊन बायकांना शास्त्र सांगायच्या. पेठ, अवसरी, मंचरच्या आसपासची सगळी गावं त्यांनी पायाखाली घातली होती. पण बायकांना शास्त्रापेक्षा सुईणीची गरज जास्त, म्हणून त्या बाळंतपणंही करायला शिकल्या, आणि मग शास्त्र थोडं मागेच पडलं. कळा देणाऱ्या बाईला त्या अशा शिव्या घालायच्या की ती रागाच्या भरात मोकळी व्हायची, असं अवसरीकडच्या बायका अजून सांगतात. आता कानानं कमी ऐकू यायचं, म्हणून त्या सगळंच मोठ्यांदा बोलायच्या. एकदा मी त्यांची पिशवी उचलायला धावले तर म्हणाल्या, “ठिव ती खाली. पाळक हिकडं बघत न्हाईत आत्ता.”

आता पाय धुण्याविषयी सांगायला हवं. प्रभूनं शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून शुभ शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या संध्याकाळी पाळकानं बारा जणांचे पाय धुवायचे, ही पद्धत आमच्या पाळकसाहेबांनी तीन वर्षांपूर्वी सुरू केली होती. कल्पना चांगलीच. पण आमच्या लोकांनी तिचं काय केलं, तर ज्याचं नाव बारांत लागायचं तो आधीचे चार दिवस घरी पाय घासत बसायचा. पाळकानं आपले पाय धुवायचे म्हणजे ते घाण कसे असतील? बुधवारी गल्लीत पाय घासायची वज्री या घरातून त्या घरात फिरायची. टाचांच्या भेगांत कोकमाचं तेल भरलं जायचं. एकानं तर नवे मोजे घालून आणले आणि ते खुर्चीवर बसल्यावरच काढले. सगळे पाय इतके लख्ख असायचे की बारा जणांचे धुऊन झाले तरी घमेल्यातलं पाणी जसंच्या तसं. पाळकसाहेब नंतर ते जास्वंदीला घालायचे, आणि एकदा माझ्यासमोरच पुटपुटले होते, “देवा, एक तरी मळका पाय पाठव.” देव ऐकतो. जरा उशिरा ऐकतो, आणि नको त्या माणसाच्या हाती देतो.

त्या वर्षी पाळकसाहेबांची कंबर धरली होती. त्यांनी जाहीर केलं की यंदा पाय तरुण धुतील, सहा एस्तेर आणि सहा सुवार्ता. सुवार्ता म्हणजे मी. शिवाय वसतिगृहाच्या अधीक्षिकाबाई त्या दिवशी पुण्याहून मुद्दाम येणार होत्या. मी घरी आईच्या पायांवर सराव केला. आई म्हणाली, “गुदगुल्या होतात गं, जरा दाबून धर.”

संध्याकाळी सहाला देवळात बारा लोखंडी खुर्च्या मांडल्या होत्या. पुढच्या बाकावर अधीक्षिकाबाई एकट्याच बसल्या होत्या, पांढरी साडी, पर्स पोटाशी धरलेली. बाकी सगळी मंडळी शेवटच्या बाकांवर. अकरा खुर्च्या भरल्या, बारावी रिकामी. तिथं बसायचे ते गॅब्रिएलकाका. त्यांनी आदल्या दिवशी वज्रीनं टाच इतकी घासली की रक्त आलं, ते धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन घरी पाय वर करून पडले होते. पाळकसाहेबांनी चष्म्यावरून मागे पाहिलं. बारा हवेतच, अकरा चालत नाहीत. नेमके तेव्हा अण्णा मागच्या दारातून आत आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. ते थेट एसटीतून उतरून आले होते.

“या, या, बसा तुम्ही,” पाळकसाहेब म्हणाले.

“मी?” अण्णा म्हणाले. “पाळकसाहेब, मी आत्ता कामावरनं...”

“अहो या हो. प्रभूच्या कामाला कसली वेळ?”

अण्णा आले आणि बाराव्या खुर्चीत बसले. बारावी खुर्ची माझ्या सहांतली.

मी पाच जणांचे पाय धुऊन पुसले होते. पाचव्या सलोमीबाई. त्यांचे पाय धुताना मी मान अशी कलती केली होती की अधीक्षिकाबाईंना माझा चेहरा दिसावा. मग घमेलं सरकवत पुढे आले आणि समोर अण्णांचे पाय. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. पोटऱ्यांवर शेण वाळून पापुद्रे धरलेले. बोटांच्या बेचक्यात काळं, आणि घोट्यावर काहीतरी चिकट, पिवळट लाल, ते काय होतं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. वास तर विचारू नका. दोन हातांवर अधीक्षिकाबाई. त्यांनी रुमाल काढला. माझ्या डोक्यात त्या वेळी प्रभू नव्हता, अण्णा नव्हते. फक्त पुणे होतं, आणि ते त्या घमेल्यात बुडताना दिसत होतं.

मी खाली वाकूनच कुजबुजले, “अण्णा, आधी नळावर धुऊन या ना.”

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. डॉक्टरांनी सिरिंज आणायला सांगावी तसं ते “हां” म्हणाले, उठले, चपला हातात घेतल्या आणि मागच्या दारानं बाहेर गेले.

“कुठं चालला गं त्यो?” सलोमीबाईंनी अख्ख्या देवळाला ऐकू जाईल असं विचारलं.

“पाय धुवायला,” मी म्हणाले. म्हणताना मला ते ऐकू आलं.

“पाय धुवायला? आन मंग तू हितं कशापायी बसलीस?”

मागच्या बाकावरून कुणीतरी फुसकन हसलं. नळ देवळाच्या भिंतीपलीकडेच होता. नगरपालिकेचं पाणी, आधी नुसती हवा यायची. ती फुरफुरली, खोकली, मग धार लागली. अण्णा पाय घासत होते. नीट, सावकाश, जसं ते सगळंच करायचे तसं. अख्खी मंडळी, बारातले अकरा जण, पुण्याच्या बाई आणि मी गुडघ्यांवर, सगळे त्या नळाचा आवाज ऐकत होतो. वेळ भरून काढायला पाळकसाहेबांनी याकोबमामांना खूण केली. मामांनी पेटी उघडली. गीत सुरू झालं ते बरोबर, पण दुसऱ्या कडव्याला त्यांची बोटं घसरली आणि देवळात ठसक्यात लावणी वाजू लागली. कुणीही त्यांना थांबवलं नाही. मला वाटतं, सगळ्यांना तेच बरं वाटलं.

अण्णा परत आले, पाय टपटप गळत. खुर्चीत बसले आणि दोन्ही पाय घमेल्यात ठेवले. मी बोटांच्या टोकांनी पाणी लावलं, टॉवेल टेकवला. पाणी स्वच्छच राहिलं. “झालं का?” अण्णांनी हळूच विचारलं. मी मान डोलावली. त्यांनी पँट खाली सोडली.

उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी मला बाजूला घेतलं. अधीक्षिकाबाईंनी माझंच नाव घेतलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, “या मुलीला स्वच्छतेची जाण आहे. आमच्या मुलींना नेमकं तेच नाही.” पाळकसाहेब हे सांगताना माझ्याकडे न पाहता जास्वंदीकडे पाहत होते. एस्तेर बाहेर चपला शोधत होती. ती म्हणाली, “जिंकलीस बाई,” आणि तिच्या आवाजात थोडीही नम्रता नव्हती. चाळीस दिवसांत ती पहिल्यांदा माझ्याशी खरं बोलली.

घरी आई ताटं वाढून बसली होती. अण्णा जेवले. मासवडीचा तुकडा रश्श्यात बुडवत ते आईला म्हणाले, “अवसरीला पारूबाईची म्हैस व्याली. पाय आडवे आले होते. रेडकू जिवंत आहे.” बास, एवढंच. नळाचं नाव नाही, देवळाचं नाही. मी ताटातला रस्सा ढवळत बसले. आई म्हणाली, “तिखट झालंय का गं? डोळ्यांत पाणी आलंय तुझ्या.”

दुसऱ्या दिवशी शुभ शुक्रवार. सरकारी सुट्टी होती, पण ती म्हशीला नव्हती. व्याल्यावर पडायची ती तिची वार अजून पडली नव्हती. अण्णा पिशवी भरत होते तेव्हा मी म्हणाले, “मी येते.”

“दुपारी तीन तासांची उपासना आहे. तुझं वाचन आहे ना?”

होतं. क्रुसावरच्या सात वचनांपैकी पाचवं, सगळ्यात छोटं. पाळकसाहेबांनी ते काल माझ्यासाठी राखलं होतं. गेले नाही तर काय होईल ते मला पक्कं ठाऊक होतं. पत्र अजून लिहायचं होतं.

“एस्तेर वाचेल,” मी म्हणाले.

अण्णांनी पिशवीची चेन लावली. “जुन्या चपला घाल मग.”

अवसरीला पारूबाईचा गोठा रस्त्यापासून आत, कांद्याच्या चाळीच्या मागे. म्हैस मान टाकून उभी होती आणि मागे लांबच लांब लोंबत होतं, तेच पिवळट लाल. मला कालचा घोटा आठवला. डॉक्टर मोटारसायकलवरून आले, लांब हातमोजा चढवला, अण्णांनी शेपूट धरली आणि मला लाल पावडरच्या पाण्याची बादली धरायला लावली. पारूबाई डोक्यावर पदर ओढून बघत होती.

“ही कोन पोरगी, भाऊ?”

“माझी. हिला पुण्याला शिकायला जायचंय.”

“मंग हितं शेनात कशाला आनली तिला?”

“आनली न्हाई,” अण्णा म्हणाले, “आली.” कामावर असले की त्यांची बोली बदलायची.

अर्धा तास गेला असेल. वार सुटली ती एकदम, धपकन, आणि बरोबर जे काय आलं ते सगळं माझ्या पायांवर. मी बादलीसकट मागे सरकले, शेणावरून घसरले आणि बसलेच. डॉक्टर हसले. म्हशीनं वळून पाहिलं, तिला तेवढं बरं वाटलेलं दिसलं. बाजूच्या पेंढ्यावर कालचं रेडकू चार पाय चार दिशांना करून उभं राहायच्या खटपटीत होतं. अगदी माझ्यासारखंच.

हौदापाशी अण्णांनी मला दगडावर उभं केलं आणि तांब्यानं पायांवर पाणी ओतलं. मी म्हणाले, “अण्णा, मी धुते.”

“गप. तोल जाईल.”

ते खाली बसले, माझा एक पाय उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला, वासराचा खूर बघताना घेतात तसा, आणि गोणपाटाच्या तुकड्यानं घासायला लागले. घोटा, टाच, मग एकेका बोटाची बेचकी. त्यांची पँट माझ्यामुळे भरली. पारूबाई म्हणाली, “अगं बाई, लेकीचं पाय धुतुयास. लगीन लावतो का काय?”

“न्हाई, पुण्याला धाडतोय.”

मला बोलायचं होतं. बसमध्ये सगळी वाक्यं जुळवली होती. मी म्हणाले, “अण्णा, काल मी देवळात...”

“काल तू बेचकीत धुतलंच न्हाईस,” अण्णा मान वर न करता म्हणाले. “घाण समदी तिथंच ऱ्हाते. दुसरा पाय दे.”

मी दुसरा पाय दिला. जुळवलेली वाक्यं तिथंच हौदात गेली.

रविवारी, ईस्टरची उपासना झाल्यावर, पाळकसाहेबांनी पत्र माझ्या हातात दिलं. वाचन चुकवल्याबद्दल एक शब्द नाही. पत्रात लिहिलं होतं: ही मुलगी सुशील, सेवाभावी आणि अत्यंत नम्र आहे. खाली त्यांची सही, शेजारी वडील सभासदाच्या सहीची जागा. सलोमीबाई चिंचेखाली बसल्या होत्या. मी कागद आणि पेन पुढे केलं. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचलं.

“शुक्कारी कुठं व्हतीस?”

“अवसरीला.”

“कशाला?”

मी सांगितलं. म्हैस, वार, सगळं.

“हात घातलास का आत?”

“नाही. मी फक्त बादली धरली.”

“आन मंग?”

“मग पडले. अण्णांनी पाय धुतले.”

“कुनाचं?”

“माझे.”

सलोमीबाईंनी पेनाचं टोपण काढलं. मग मांडीवर कागद धरून त्यांनी ‘अत्यंत नम्र’ हे दोन शब्द खोडले, चांगले दोन रेघा मारून. वर थरथरत्या मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘कामाची’. आणि खाली सही केली. पाळकसाहेब धावत आले. “अहो सलोमीबाई, काय केलंत? मंडळीच्या लेटरहेडवर खाडाखोड?”

“मी लबाडी लिवायची न्हाई, ती बी ईस्टरच्या दिशी,” त्या म्हणाल्या. “बादली धरती. चार वर्सांनी हात बी घालंल. धाडा.”

पाळकसाहेबांजवळ तसा दुसरा कागद होता. ते पुन्हा लिहून देऊ शकले असते, मीही मागू शकले असते. दोघांनीही ते केलं नाही. तो खाडाखोडीचा कागद घेऊन मी जूनमध्ये पुण्याला गेले. अधीक्षिकाबाईंनी भुवया वर करून तो वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “कामाची म्हणजे नक्की कोणत्या?” मी म्हणाले, “बादली धरते.” त्यांनी मला खोली दिली आणि मेसच्या भांड्यांचं काम दिलं. तीन वर्षं मी ते केलं. एस्तेर मिरजेला नर्सिंगला गेली आणि तिनं आयुष्यभर माझ्यापेक्षा कितीतरी जास्त पाय धुतले. भेटली की म्हणते, “नम्रबाई, कशा आहात?”

नम्रता मला अजूनही जमलेली नाही. रविवारी देवळात मी मधल्या बाकावर बसते. तिथं कुणाचं लक्ष जात नाही, आणि लक्ष जात नाही याचंही मला थोडं वाईट वाटतं.

अण्णा आता माझ्याकडे असतात. दोन वर्षांपासून त्यांना चालता येत नाही. खाटेवरून उतरायचं तरी दोघं लागतात. संध्याकाळी मी कोमट पाण्याचं घमेलं घेऊन त्यांच्या पायथ्याशी बसते. टाचांच्या भेगा तशाच आहेत, त्यांतलं काळं या जन्मात निघायचं नाही. मी बेचकीतून नीट बोट फिरवते, कारण घाण सगळी तिथंच राहते. आणि रोज, अगदी रोज, मी पाय उचलायला हात पुढे केला की अण्णा खाटेच्या कडेला हात टेकून उठल्यासारखं करतात आणि म्हणतात, “थांब सुवार्ता. आधी नळावर जाऊन येतो.”